बलुते, भत्ता आणि वेतन : मालमोटारीच्या चालकाला पैसे कसे द्यावेत?

माझ्या धाकट्या चुलतभावाने गेल्या वर्षी एक जुनी मालमोटार घेतली. आमच्या वस्तीत मालकीची मालमोटार आली ती ही पहिलीच. बँकेचे कर्ज, चार नातलगांकडून हातउसने आणि घरात होते नव्हते ते सोने, एवढ्यावर ती दारात उभी राहिली. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही. विटा, सिमेंट आणि हंगामात कांदा वाहून नेण्याचा धंदा त्याने मांडला आहे. पहिलाच प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला : "दादा, ड्रायव्हर पगारावर ठेवू, ट्रिपवर ठेवू, की भाड्यात टक्का देऊ?"

मी इतिहास शिकवतो, धंदा नव्हे. तरीही हा प्रश्न माझ्याकडे आला हे बरे झाले. कारण तो जितका हिशेबाचा आहे तितकाच इतिहासाचा आहे. श्रमाचा मोबदला किती, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. तो कोणत्या रीतीने दिला जातो, याची चर्चा फारशी करीत नाही. आणि आपल्या समाजाचे शोषण झाले ते केवळ कमी मोबदल्याने नव्हे, तर मोबदल्याच्या रीतीनेही झाले, हे आपण विसरून चाललो आहोत.

आधी आजची रीत काय आहे ते पाहू. छोट्या धंद्यात चालकाला साधारणपणे चार प्रकारे पैसे दिले जातात. महिन्याचा ठरीव पगार आणि बाहेरगावी गेल्यास रोजचा भत्ता, ही पहिली रीत. दर फेरीला ठरलेली रक्कम, ही दुसरी. किलोमीटरवर दर, ही तिसरी. भाड्यात हिस्सा, ही चौथी. शिवाय या सगळ्यांत मिसळणारी उक्त्या खर्चाची पद्धत आहे. मालक निघताना एकरकमी पैसे हातात ठेवतो. त्यात डिझेल, टोल, पंक्चर, वाटेवरची चिरीमिरी, जेवण आणि क्लीनरचा खर्च भागवायचा, आणि उरेल ते चालकाचे. मालकाला ही पद्धत फार सोयीची वाटते, कारण तिच्यात त्याला काहीच पाहावे लागत नाही.

हिशेबापुरते आकडे धरू. ४०० किलोमीटरची फेरी आहे आणि किलोमीटरला ३ रुपये ठरले आहेत. म्हणजे चालकाला १,२०० रुपये मिळणार. रस्ता मोकळा असला आणि गाडी दहा तासांत पोचून लगेच खाली झाली, तर तासाला १२० रुपये पडले. पण बाजारात गाडी खाली व्हायला चौदा तास रांगेत थांबावे लागले, तर तेच १,२०० रुपये चोवीस तासांवर पसरतात. तासाला ५० रुपये होतात. गाडी थांबली ती चालकामुळे नव्हे. व्यापाऱ्याकडे हमाल नव्हते, किंवा गोदामाची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. परंतु त्या थांबण्याची किंमत चालकाने मोजली.

थांबलेला चालक मोकळा असतो असे कुणी म्हणेल, तर त्याने एक रात्र मालमोटारीत काढून पाहावी. तो माल राखतो, ताडपत्री राखतो, डिझेलची टाकी आणि बॅटरी राखतो. रांग पुढे सरकली की मध्यरात्री उठून गाडी पुढे घेतो. मुंबईच्या जकात नाक्यांवर एके काळी मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. नाक्यावरचे थांबणे संपले. गोदामाच्या आणि बाजार समितीच्या फाटकावरचे थांबणे संपलेले नाही. फेरीवर किंवा किलोमीटरवर पैसे देणारी रीत या थांबण्याला काम मानीत नाही, आणि दोष आहे तो इथेच.

आता थोडे मागे जाऊ. जुन्या मुंबई इलाख्यात महाराकडे गावकीचे जे काम होते, त्यात वाहतूक आणि राखण यांचा वाटा मोठा होता. वसुलाचा भरणा तालुक्याला पोचवायचा, सरकारी कागद या गावाहून त्या गावाला न्यायचे, दौऱ्यावरच्या अंमलदाराचे सामान वाहायचे, वाटाड्या व्हायचे, रात्री वेशीवर राखण करायची. याचा मोबदला काय? थोडी वतनी जमीन, सरकारकडून मिळणारी नाममात्र रोकड, आणि गावाकडून मिळणारे बलुते. कामाला तास नव्हते. कामाची यादी नव्हती. बोलावणे आले की निघायचे. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी तरी जायचे. म्हणजे वतन एका माणसाच्या नावावर असे आणि राबणूक सगळ्या घराची होई. बलुते द्यायचे की नाही, किती द्यायचे, चांगले धान्य द्यायचे की पाखडून उरलेले, हे देणाऱ्याच्या मर्जीवर होते. काम घेणारे सरकार एक आणि पोटाला घालणारा रयत दुसरा, अशी ही रचना होती.

१९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मूळ कायदा १८७४ चा. या विधेयकाकडे आपण अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीतला एक टप्पा म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. पण वेतनाच्या विचाराच्या दृष्टीने ते वाचले, तर त्यात चार ठळक मागण्या दिसतात. मोबदला पुरेसा असावा. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे. वतनातून ज्याला बाहेर पडायचे असेल त्याला पडता यावे. आणि कामे कोणती, ती नियमाने ठरवून द्यावीत. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेब हयात नव्हते. परंतु कामाला मर्यादा हवी, मोबदला रोख आणि ठरलेला हवा, तो काम घेणाऱ्यानेच द्यायला हवा, आणि काम सोडण्याची मुभा हवी, ही चार सूत्रे कोणत्याही श्रमिकाला लागू पडतात. ती केवळ महारांची गाऱ्हाणी नव्हती.

चालकाची स्थिती महार वतनदारासारखीच आहे, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. चालक जन्माने चालक ठरत नाही. तो गाडी सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. त्याच्या स्पर्शाचा विटाळ कामाच्या अटीत लिहिलेला नाही. फरक मोठा आहे. पण मोबदल्याची रीत तपासली तर नात्यातली वाटते. भत्ता, उरलेले डिझेल, माल उतरवून घेणाऱ्याने दिलेली बक्षिसी, वाटेत घेतलेले प्रवासी, यांवर ज्याचे घर चालते, त्याला काम घेणारा पुरते पैसे देत नाही. बाकीचे त्याने जगाकडून गोळा करावेत असे गृहीत धरतो. आणि त्याने ते गोळा केले, की त्याला डिझेलचोर म्हणायलाही मालक मोकळाच. उचल दिलेली असली, तर सोडून जाण्याची मुभाही कागदावरच राहते. अंगावर पैसे असलेला चालक कुठे जाणार?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आणले. १९४८ साली ते कायदा झाले, तेव्हा मजूरमंत्री होते जगजीवनराम. या कायद्याच्या अनुसूचीत सार्वजनिक मोटार वाहतुकीचा व्यवसाय पहिल्यापासून होता. त्यात आणखी एक तरतूद होती, तिच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. एखाद्याला नगावर काम दिले असेल आणि त्या कामाला वेळेप्रमाणे किमान वेतन ठरलेले असेल, तर त्याला त्या वेळेच्या वेतनाहून कमी देता येणार नाही, असे कायदा सांगत होता. म्हणजे ट्रिपवर ठेवा की किलोमीटरवर, खाली वेळेच्या वेतनाचा पाया असलाच पाहिजे. फेरीचा दर हा त्या पायावरचा मजला. पायाच्या जागी तो चालत नाही.

तासांचा विचारही झाला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सलग पाच तास गाडी चालविल्यावर किमान अर्धा तास विश्रांतीची अट होती. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा आला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. लांब पल्ल्याला मान्यता घेऊन दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न. त्यावर काम झाले तर दुप्पट वेतन. कायदा चांगला होता. परंतु तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला. एक मालमोटार, एक चालक, एक क्लीनर असा ज्याचा संसार, त्याच्या दाराशी हा कायदा थांबत असे. राज्य सरकारला तो लहान धंद्यांनाही लावता येत होता, पण त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे. धंदा लहान म्हणून कामगाराची झोप लहान होत नाही, ही साधी गोष्ट कायद्याने लक्षात घेतली नाही.

हे जुने कायदे आता राहिलेले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि किमान वेतनाचा १९४८ चा व मोटार कामगारांचा १९६१ चा, हे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. वेतन संहितेने किमान वेतन अनुसूचीबाहेरच्या व्यवसायांनाही लागू केले. ही जमेची बाजू. वेळेच्या वेतनाचा पाया तिने कायम ठेवला. हीही जमेची बाजू. पण सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत मोटार वाहतुकीच्या धंद्यासाठी कामगारांची संख्या पाचाऐवजी दहा झाली. तेव्हा माझ्या भावासारख्या मालकाला किमान वेतन चुकवता येणार नाही. आठ तास, विश्रांती आणि सुट्टी यांबाबत मात्र त्याची सदसद्विवेकबुद्धी हाच बहुतांशी कायदा आहे.

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो त्याच्या आधी घरात पाहिले होते. आमचे थोरले चुलते, नाना, तालुक्याच्या गावी एका व्यापाऱ्याची मालमोटार चालवीत. महिना हजार रुपये पगार आणि दर फेरीला भत्ता. पगारही सगळा हातात येत नसे. मालकाचेच किराणा दुकान होते. काकू चिठ्ठी घेऊन जाई आणि तेल, गूळ, साखर आणी. महिनाअखेरीस ते पगारातून वळते होई. भाव मालकाचा, वजन मालकाचे आणि वहीही मालकाची. पुढे कॉलेजात मला कळले की इंग्लंडमध्ये मजुरीऐवजी माल देण्याच्या याच रीतीला 'ट्रक' म्हणत आणि १८३१ साली तिच्या विरुद्ध तिथे कायदा झाला. त्या 'ट्रक'चा आपल्या मालमोटारीशी संबंध नाही, पण मला ते वाचून आमच्या काकूची चिठ्ठी आठवली.

१९९९ च्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात नानांची गाडी उलटली. सलग दुसरी रात्र ते गाडी चालवीत होते. फेरी संपली नसती तर भत्ता मिळाला नसता. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा मालकाने वही दाखवली. वहीत पगार हजार रुपये. चांगल्या महिन्यात भत्त्यासह नानांचे दोन हजारांच्या आसपास होत, पण ते कुठे लिहिलेले नव्हते. आणि लिहिलेले असते तरी काय झाले असते? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई काढताना मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणीत असत. आणि वेतनात प्रवासभत्ता व कामामुळे येणाऱ्या खास खर्चासाठी दिलेली रक्कम धरीत नसत. नाना जिवंत असताना भत्ता हा पगाराचा भाग होता, कारण घर त्यावर चालत होते. नाना गेल्यावर तो खर्चाचा भाग झाला. काकूला जे मिळाले ते निम्म्या माणसाचे मिळाले.

पगार कमी दाखवायचा आणि भत्ता मोठा द्यायचा, यात चालकाला आज तोटा दिसत नाही. तोटा दिसतो तो अपघाताच्या, आजाराच्या आणि म्हातारपणाच्या दिवशी. नव्या संहितांनी एक सुधारणा केली आहे : भत्त्यासारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतनच धरायचा. पण त्यासाठी भत्ता कुठे तरी लिहिलेला असावा लागतो. वहीत जे नाही ते कोणत्याही संहितेला दिसत नाही.

मग संघटनेने काय होऊ शकते? त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात, त्याच मालमोटारीच्या मागच्या फळीशी उभे आहे. पाठीवर आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला एके काळी मालकच नव्हता. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्या व्यापाऱ्याची. कुणीच आपली जबाबदारी मानीत नसे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले आणि १९६९ साली माथाडी, हमाल कामगारांचा कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तीवर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची व भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान, औषधपाणी यांची तरतूद करायची, अशी ती व्यवस्था. अनेक मालक असले तरी कामगाराचा हक्क हरवत नाही, हे तिने दाखवून दिले. तिच्यातही दोष शिरले, पळवाटा निघाल्या. तरीही मंडळात नोंद असलेल्या हमालाच्या म्हातारपणाची काही तरी सोय झाली. तीच पोती चारशे किलोमीटर ओढून आणणाऱ्या चालकाची झाली नाही. हमाल एका बाजारात एकत्र असतात. चालक एकेकटा रस्त्यावर असतो. त्याला बांधायला संघटनेलाही रस्त्यावरच जावे लागेल.

आता माझ्या भावाच्या बाजूने बोलतो. तो काही कारखानदार नाही. त्याला कंत्राटदार भाडे उशिरा देतो, दलाल आपला वाटा आधीच कापून घेतो, बँकेचा हप्ता मात्र तारखेला दारात येतो. ही अनिश्चितता त्याने निर्माण केलेली नाही. पण ती तो चालकाच्या माथी मारतो, आणि चालक क्लीनरच्या. बाबासाहेबांनी ज्याला क्रमिक विषमता म्हटले ती हीच : प्रत्येकाच्या खाली कुणी तरी असतो, म्हणून वरच्याशी भांडायचे कुणालाच सुचत नाही. बोलता बोलता भाऊ मला म्हणाला, "दादा, ड्रायव्हर मला शेठ म्हणतो." त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो मला समजला. ज्याच्या बापाला आयुष्यभर अरेतुरे ऐकावे लागले, त्याला तो शब्द गोड लागणारच. पण आपण मालक व्हावे एवढ्यासाठी चळवळ नव्हती. मालकीची जुनी रीत बदलावी म्हणूनही ती होती. आपली पोरे आज गाड्या घेतात, दुकाने टाकतात, कंत्राटे घेतात. याचा अभिमान जरूर असावा. मात्र हाताखालच्या माणसाला ती पैसे कसे देतात, हेही आपण विचारले पाहिजे.

म्हणून मी त्याला जे सांगितले ते इथे लिहितो. चालकाला महिन्याचा ठरीव पगार दे, आणि तो तासांच्या हिशेबाने किमान वेतनाच्या खाली जाणार नाही हे बघ. थांबण्याचे तास कामाचे तास धर. फेरीवर काही द्यायचे तर पगाराच्या वर दे, पगाराऐवजी नको. नाही तर झोप मोडून गाडी हाकण्याचे ते बक्षीस ठरेल. जेवणाचा भत्ता वेगळा लिही. डिझेल आणि टोल तुझा खर्च आहे, त्याच्या हातात उक्ते पैसे कोंबू नकोस. क्लीनरला तू पगार दे, चालकाने नव्हे. आरसा फुटला, माल भिजला, तर त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कापू नकोस. मजुरी अदायगीच्या १९३६ च्या कायद्यातसुद्धा नुकसानीपोटी कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकण्याची अट होती. आठवड्याची सुट्टी ठरव. आणि सगळे वहीत लिही, पगार बँकेत टाक.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, एवढे दिले तर हप्ता कुठून भरू?"

हा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर एकट्या मालकाकडे नाही, हेही खरे. थांबण्याचे पैसे ज्याच्यामुळे गाडी थांबली त्या व्यापाऱ्याकडून घेतले पाहिजेत. धंद्यात त्याला हॉल्टिंग म्हणतात आणि मोठे वाहतूकदार ते वसूल करतात. एकट्या गाडीवाल्याने मागितले तर पुढच्या खेपेला त्याला भाडे मिळत नाही. दहा छोट्या मालकांनी मिळून मागितले तर द्यावे लागेल. म्हणजे छोट्या मालकालाही संघटना हवी, आणि ती चालकाच्या विरुद्ध नव्हे, तर त्याच्यासह वरच्याकडे तोंड करून उभी राहिली पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांत हा विषय घ्यावा. आपल्या ओळखीच्या प्रत्येक चालकाला विचारावे : तुझा पगार कुठे लिहिलेला आहे? भत्ता कुठे लिहिलेला आहे? थांबलेल्या रात्रीचे काय मिळते? आणि आपल्यातल्या प्रत्येक नव्या मालकालाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

माझ्या भावाने माझे सगळे ऐकले असे नाही. फेरीवरची रक्कम त्याने अजून सोडलेली नाही. पण पगार ठरवला आहे, तो बँकेत जातो, आणि गाडीत एक वही ठेवली आहे. गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली आणि किती वाजता खाली झाली, हे चालक स्वतःच्या हाताने तीत लिहितो. परवा ती वही मी पाहिली. पहिल्याच पानावर एका रांगेत थांबल्याचे अकरा तास लिहिलेले होते. नानांच्या असल्या तासांची कुठे एका ओळीचीही नोंद नव्हती. त्या अकरा तासांचे पैसे मिळायचे बाकी आहे, पण ते आता वहीत आहेत आणि ते मागता येतील.